इलेक्ट्रॉन गेला, तरी चिन्ह अधिकचं कसं?

मृणाल_कर्वेनगर | १२ जुलै, रात्री ९:५०

माझी मुलगी यंदा नववीत आहे. परवा संध्याकाळी मी कणीक मळत होते, तेव्हा ती वही घेऊन ओट्याशी आली. म्हणाली, "आई, सोडिअमचा एक इलेक्ट्रॉन गेला. म्हणजे त्याच्याकडे एक कमी झाला ना? मग डोक्यावर अधिकचं चिन्ह का? आणि क्लोरीनला एक मिळाला, तर त्याला वजा का?" शिकवणीत तिने हे विचारून पाहिलं होतं. "तसंच असतं, पाठ कर" असं उत्तर मिळालं. तिने पाठ केलं, पण तिला ते पटलेलं नाही. आणि तिला पटत नाहीये याचा मला आनंदच आहे.

मी रसायनशास्त्राची नाही. बी.कॉम. करून एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात काम करते. त्यामुळे जे सुचलं ते कामातूनच सुचलं. आपल्या भाषेत या चिन्हांची नावंच धन आणि ऋण आहेत. ऋण म्हणजे कर्ज. इलेक्ट्रॉन ऋण प्रभाराचा, म्हणजे प्रत्येक इलेक्ट्रॉन हे एक रुपयाचं कर्ज. प्रोटॉन धन प्रभाराचा, म्हणजे एक रुपयाची ठेव. सोडिअमकडे ११ ठेवी आणि ११ कर्जं, खातं शून्यावर. एक कर्ज गेलं की ११ ठेवी आणि १० कर्जं, शिल्लक एक रुपया धन. क्लोरीनकडे १७ आणि १७. त्याने एक कर्ज अंगावर घेतलं की १८ कर्जं, शिल्लक एक रुपया ऋण. म्हणजे चिन्ह "काय मिळालं, काय गेलं" हे सांगत नाही. शेवटी खात्यात काय उरलं ते सांगतं.

मुलीचे डोळे चमकले. पण मग तिने पुढचं विचारलं, "मग सगळे जण कर्ज फेडूनच का टाकत नाहीत? क्लोरीन मुद्दाम कर्ज का घेतो?" तिथे मी अडले.

इथे रसायनशास्त्रातली मंडळी आहेत म्हणून विचारते. माझी उपमा कुठपर्यंत चालते आणि कुठे तुटते? धन आयन आणि ऋण आयन, म्हणजे असे अधिक किंवा वजा प्रभार आलेले अणू, यांच्यात चिन्ह सोडून आणखी काय फरक असतो? तिला चुकीचं काही शिकवायचं नाहीये.

---

पाषाणचा_रसायनी | १२ जुलै, रात्री ११:१५

मृणालताई, उपमा उत्तम आहे. सातव्या शतकात ब्रह्मगुप्ताने अधिक-वजा संख्यांचे नियम मांडले तेही धन आणि ऋण हेच शब्द वापरून. तुम्ही तो जुना अर्थ परत जागेवर आणलात.

मुलीला सगळ्यात आधी हे सांगा की या सगळ्या उलाढालीत फक्त इलेक्ट्रॉन हलतात. प्रोटॉन केंद्रकात घट्ट बसलेले असतात, कुठल्याही रासायनिक अभिक्रियेत ते येत-जात नाहीत. "सोडिअम धन झाला म्हणजे त्याला एक प्रोटॉन मिळाला" असं बऱ्याच मुलांच्या मनात बसतं. तसं झालं असतं तर प्रोटॉन १२ झाले असते, आणि मग तो सोडिअम राहिलाच नसता, मॅग्नेशिअम झाला असता. तुमच्या भाषेत, ठेवींवरूनच खातेदाराची ओळख ठरते. ठेवींना हात लावला की खातेदारच बदलतो. कर्जं मात्र येतात आणि जातात.

आता तिचा मूळ प्रश्न. इलेक्ट्रॉनला वजा म्हणायचं हे निसर्गाने ठरवलेलं नाही. बेंजामिन फ्रँकलिनने १७४७च्या सुमारास विजेला अधिक आणि वजा ही नावं दिली, तेव्हा इलेक्ट्रॉन कोणाला माहीतच नव्हता. जे. जे. थॉमसनने तो १८९७ मध्ये शोधला, म्हणजे दीडशे वर्षांनी. तोवर अधिक-वजाची पद्धत सगळीकडे रुजली होती, आणि तारेतून प्रत्यक्ष धावणारा कण नेमका वजा बाजूला निघाला. फ्रँकलिनने नावं उलटी दिली असती तर तुमच्या मुलीला हा प्रश्न पडला नसता. तेव्हा तिला सांगा की तिचा गोंधळ अगदी रास्त आहे आणि त्याची मुळं पावणेतीनशे वर्षांपूर्वीची आहेत.

"आयन" हा शब्द १८३४ मधला, मायकेल फॅरडेचा. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ "जाणारा". द्रावणात वीज सोडली की काहीतरी दोन्ही टोकांकडे सरकतं हे त्याला दिसत होतं आणि त्याला नाव हवं होतं. केंब्रिजच्या विल्यम ह्यूएलशी पत्रव्यवहार करून त्याने अ‍ॅनोड, कॅथोड, अ‍ॅनायन, कॅटायन हे शब्द पक्के केले. अशा द्रावणात कॅथोडकडे, म्हणजे ऋण टोकाकडे, जातो तो कॅटायन, म्हणजे धन आयन. अ‍ॅनोडकडे, म्हणजे धन टोकाकडे, जातो तो अ‍ॅनायन, म्हणजे ऋण आयन. अणूच्या आत काय आहे हे माहीत नसताना, निव्वळ कोण कुठल्या दिशेने चाललाय एवढ्यावर ही नावं पडली. मला हे फार मोठं वाटतं.

---

ओंकार_एफवाय | १३ जुलै, सकाळी ८:०५

मी एफवाय बीएस्सीला आहे. "क्लोरीन कर्ज का घेतो" याचं उत्तर अष्टकात, म्हणजे बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन पूर्ण होण्यात, आहे. सोडिअमचं संरूपण, म्हणजे कवचांमधली इलेक्ट्रॉनांची मांडणी, २, ८, १. बाहेरचा एक गेला की २, ८ उरतं, म्हणजे निऑनसारखं. क्लोरीनचं २, ८, ७. एक आला की २, ८, ८, म्हणजे अरगॉनसारखं. सोडिअमला तो एक इलेक्ट्रॉन नकोच असतो, म्हणून तो सहज देऊन टाकतो आणि क्लोरीन घेतो. दोघंही स्थिर होतात.

---

पाषाणचा_रसायनी | १३ जुलै, सकाळी १०:४०

ओंकार, संरूपणं बरोबर लिहिलीस. पण "नकोच असतो, सहज देऊन टाकतो" हे वाक्य मी तुला पुसायला सांगेन. आपण सगळे ते म्हणत आलो आहोत, मीही सुरुवातीची कित्येक वर्षं म्हटलं, आणि ते खरं नाही.

एक मोल (अणू मोजायचं ठरलेलं माप) सोडिअम अणूंमधून, म्हणजे २३ ग्रॅममधून, प्रत्येकी एक इलेक्ट्रॉन काढायला ४९६ किलोजूल ऊर्जा घालावी लागते. सोडिअम तो आपणहून देत नाही, ओढून काढावा लागतो. क्लोरीनने इलेक्ट्रॉन घेतला की ३४९ किलोजूल बाहेर पडतात. हिशोब मांडा: ४९६ खर्च, ३४९ जमा, १४७ तूट. म्हणजे एकटा सोडिअम अणू आणि एकटा क्लोरीन अणू लांब लांब उभे असतील तर हा व्यवहार तोट्याचा आहे, होणारच नाही.

मग मीठ बनतं कसं? तूट भरून निघते ती दोन्ही आयन जवळ आल्यावर. धन आणि ऋण एकमेकांना ओढतात, प्रत्येक सोडिअमभोवती सहा क्लोराइड (क्लोरीनचे ऋण आयन) आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडिअम अशी रचना तिन्ही दिशांना उभी राहते, आणि त्यात मोलमागे ७८७ किलोजूल मोकळे होतात. १४७ची तूट भरून ६४० शिल्लक राहते. स्थैर्य येतं ते इथून. एकेकट्या आयनाचं अष्टक पूर्ण होतं म्हणून सगळं जमतं असं नाही. धन आयन आणि ऋण आयन दोघं मिळून टिकतात.

अष्टकाचा खरा उपयोग "किती" हे सांगायला होतो. सोडिअमचा दुसरा इलेक्ट्रॉन काढायचा तर ४५६२ किलोजूल लागतात, पहिल्याच्या नऊपट. कारण तो आतल्या भरलेल्या कवचातून काढावा लागतो. एवढा खर्च कुठलाही स्फटिक भरून देत नाही. म्हणून सोडिअम एक-अधिकवर थांबतो. मॅग्नेशिअमच्या बाहेरच्या कवचात दोन असतात, तो दोन-अधिक होतो. अ‍ॅल्युमिनिअम तीन-अधिक.

---

मृणाल_कर्वेनगर | १३ जुलै, दुपारी २:१०

सर, जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि पुन्हा वाचलं. आमच्याकडे तोट्यातला व्यवहार तारणावर उभा राहतो, तसं हे ७८७ म्हणजे तारण आहे असं डोक्यात बसलं. रात्री मुलीला आकड्यांसकट सांगते. तिच्या "सगळे कर्ज का फेडत नाहीत" याचं उत्तरही मिळालं. सगळ्यांनीच फेडायचं म्हटलं तर ते अंगावर घेणारा कोणीतरी हवाच. इलेक्ट्रॉन हवेत विरून जात नाहीत.

---

ओंकार_एफवाय | १३ जुलै, दुपारी ४:३०

सर, पुसलं. आमच्या पुस्तकात हे आकडे आहेत, पण मी त्यांची बेरीज-वजाबाकी कधी केली नव्हती.

मृणालताई, चिन्हाशिवाय दुसरा फरक आकाराचा. सोडिअम अणूची त्रिज्या १८६ पिकोमीटर आहे. धन आयन झाला की १०२. बाहेरचं कवचच निघून जातं, आणि उरलेल्या १० इलेक्ट्रॉनांवर ११ प्रोटॉनांची ओढ, त्यामुळे सगळं आत खेचलं जातं. क्लोरीन अणू ९९ पिकोमीटरचा, क्लोराइड झाला की १८१. तिथे १८ इलेक्ट्रॉन आणि ओढायला १७च प्रोटॉन, शिवाय इलेक्ट्रॉनांची आपसातली ढकलाढकल वाढते. म्हणजे अणू असताना सोडिअम मोठा आणि क्लोरीन लहान, आयन झाले की बरोबर उलटं.

त्रिज्येचा घन करून पाहिलं तर क्लोराइडचं आकारमान सोडिअम आयनाच्या साधारण साडेपाच पट येतं. मिठाचा खडा हातात घेतो तेव्हा हातात बहुतांश क्लोराइडच असतो. आपण मात्र मीठ म्हटलं की फक्त सोडिअमचं नाव घेतो.

---

भोसरी_जॉबवर्क | १३ जुलै, रात्री १०:२०

धागा कालपासून वाचतोय. माझं भोसरीला प्लेटिंगचं छोटं युनिट आहे, निकेल आणि क्रोम. बावीस वर्षं हेच काम. शिक्षण आयटीआयपर्यंत.

तुम्ही जे कागदावर बोलताय ते आमच्याकडे टाकीत दिसतं. निकेलच्या बाथमध्ये निकेल सल्फेट असतं. रेक्टिफायरच्या (टाकीला डीसी करंट देणाऱ्या यंत्राच्या) ऋण बारला जॉब, म्हणजे मुलामा चढवायची वस्तू, टांगायचा, धन बारला निकेलच्या प्लेटा, त्यांना कापडी पिशव्या. करंट सोडला की निकेलचा धन आयन जॉबकडे येतो, तिथे त्याला दोन इलेक्ट्रॉन मिळतात आणि तो धातू होऊन बसतो. समोर निकेलची प्लेट झिजत जाते, तेवढेच धन आयन पाण्यात उतरतात. सल्फेट हा ऋण आयन बिचारा टाकीतच राहतो. तो धन बारकडे ओढला जातो, पण तिथे त्याचं काही होत नाही. वर्षानुवर्षं तोच सल्फेट. नवीन पोरगा आला की मी त्याला पहिल्या दिवशी हेच दाखवतो. बार उलटे लागले तर जॉबवर काही चढणार नाही, जॉबच खायला लागेल.

पण एक गोष्ट मला कधी कळली नाही. क्रोममध्ये आम्ही क्रोमिक अ‍ॅसिड वापरतो. तिथे धन बारला क्रोमच्या प्लेटा नसतात, शिशाच्या असतात. क्रोम सगळं पाण्यातून येतं. एका सप्लायरच्या माणसाने सांगितलं की या पाण्यात क्रोम हा ऋण आयन असतो. ऋण आयन असेल तर तो ऋण बारला कसा काय बसतो? तो तर पळून जायला पाहिजे.

---

पाषाणचा_रसायनी | १४ जुलै, सकाळी ९:००

हा प्रश्न वाचून मी सकाळी सकाळी जुन्या वह्या काढल्या. फार नेमका प्रश्न आहे.

त्या माणसाने सांगितलं ते खरं आहे. क्रोमिक अ‍ॅसिडच्या बाथमध्ये क्रोमिअम सुटा नसतो. त्याच्याभोवती ऑक्सिजन असतात आणि तो सगळा गट मिळून ऋण आयन होतो, क्रोमेट किंवा डायक्रोमेट. म्हणून "धातूचा आयन नेहमी धन" हा नियम तिथे लागू पडत नाही. परमँगनेट तसाच: मँगनीज धातू, पण आयन ऋण. उलट अमोनिअममध्ये धातूचा पत्ता नाही, नायट्रोजन आणि चार हायड्रोजन, तरी तो धन आयन. आमच्या पिढीने यांना मूलकं म्हणून पाठ केलं. आयनाचं चिन्ह संपूर्ण गटाच्या ताळेबंदावरून ठरतं, त्यात धातू आहे की नाही यावरून नाही.

मग तो ऋण बारला बसतो कसा? आयन निव्वळ विजेच्या ओढीने सरकतात असं नाही. टाकी ढवळली जाते, जॉबजवळचा माल संपला की जास्त दाट भागातून तिकडे पसरत येतो, आणि जॉबला अगदी लागून जो पातळ थर असतो तिथे इलेक्ट्रॉन देण्याघेण्याचं काम होतं. तिथे पोचल्यावर क्रोमेटला इलेक्ट्रॉन मिळतात, ऑक्सिजन सुटत जातात आणि शेवटी क्रोमिअम धातू उरतो. एका क्रोमिअममागे सहा इलेक्ट्रॉन लागतात, निकेलला दोनच. आणि त्याच वेळी भरपूर हायड्रोजनही निघतो, त्यात करंटचा मोठा भाग जातो. क्रोमला करंट किती जास्त लागतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार.

ओंकार, तुझ्यासाठी एक. "कॅथोड म्हणजे ऋण टोक" हे पाठ करू नकोस. टाकीत कॅथोड ऋण असतो, पण टॉर्चच्या सेलमध्ये कॅथोड हे धन टोक असतं. पक्की व्याख्या अशी: जिथे बाहेरून आलेले इलेक्ट्रॉन पदार्थ स्वीकारतो तो कॅथोड. आपल्या मराठी पुस्तकांतले धनाग्र-ऋणाग्र हे शब्द विद्युत अपघटनापुरते चोख बसतात, सेलशी आलं की जपून वापरावे लागतात.

---

भोसरी_जॉबवर्क | १४ जुलै, सकाळी ९:३५

सहा इलेक्ट्रॉन! म्हणून क्रोमचं लाइट बिल तसं येतं. सर, बावीस वर्षांनी उत्तर मिळालं. मनापासून आभार.

---

बावधन_सेक्रेटरी | १४ जुलै, दुपारी १२:५०

विषय थोडा वेगळा वाटेल, पण आमच्या सोसायटीत याच आयनांवरून गेले तीन महिने वाद चालू आहे. महापालिकेचं पाणी पुरत नाही, बोअर आणि टँकरवर भागवतो. पाणी जड. गिझरच्या कॉइलवर पांढरा थर, नळांना खडे, साबणाला फेस नाही. सभासदांकडून पैसे गोळा करून सॉफ्टनर बसवला. बसवल्यावर एका सभासदाने टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मीटर लावला, तर आकडा आधी होता तेवढाच. आता निम्मी सोसायटी म्हणते की आपली फसवणूक झाली. फेस मात्र येतोय. कोणाचं खरं?

---

नीरजा_जल | १४ जुलै, दुपारी ३:१५

मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. हा वाद आमच्याकडे आठवड्याला एकदा येतो. तुमचा सॉफ्टनर काम करतोय, आणि टीडीएस कमी होणारच नव्हता.

पाणी जड होतं ते कॅल्शिअम आणि मॅग्नेशिअम या दोन-अधिक आयनांमुळे. सॉफ्टनरमध्ये रेझिनचे बारीक मणी असतात. त्या मण्यांच्या प्लास्टिकला ऋण गट कायमचे जोडलेले असतात, ते सुटून जाऊ शकत नाहीत. त्यांच्याजवळ सुरुवातीला सोडिअमचे धन आयन बसलेले असतात. जड पाणी आलं की एक कॅल्शिअम आत बसतो आणि दोन सोडिअम बाहेर पडतात. एकास दोन, कारण प्रभाराचा हिशोब जुळायलाच हवा. म्हणजे पाण्यातून काही काढून टाकलेलं नाही, अदलाबदल केली आहे. वजनानेही बघा, कॅल्शिअमचं वस्तुमान ४० आणि दोन सोडिअमचं ४६. विरघळलेला माल उलट किंचित वाढतो.

आणि टीडीएस मीटर क्षार मोजत नाही. पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून अंदाजाने आकडा दाखवतो. वीज दोन्ही आयन वाहतात, धनही आणि ऋणही. कुठले आयन आहेत हे त्याला कळत नाही. पाण्यात साखर विरघळवून मीटर लावा, आकडा जवळपास हलणार नाही, कारण साखरेचे आयन होत नाहीत. तुम्ही काठिण्याची तपासणी करून घ्या, तो वेगळा आकडा असतो. तो नोटीस बोर्डावर लावा, वाद मिटेल.

महिन्याला मिठाची पोती का लागतात हेही सभासदांना सांगा. रेझिन कॅल्शिअमने भरलं की दाट मिठाचं पाणी सोडतात, सोडिअमची गर्दी कॅल्शिअमला हुसकावून लावते. मिठातला क्लोराइड रेझिनला चिकटत नाही, कारण मणीही ऋण आणि तोही ऋण. तो कॅल्शिअमबरोबर गटारात जातो. ज्यांना रक्तदाबामुळे सोडिअम कमी ठेवायला सांगितलंय, त्यांनी पिण्यासाठी हे पाणी वापरण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

---

पाषाणचा_रसायनी | १४ जुलै, संध्याकाळी ६:२०

नीरजा, छान समजावलंत. फेसाबद्दल एवढंच जोडतो. साबणाचा काम करणारा भाग हा ऋण आयनच आहे. लांब कार्बनची शेपटी आणि टोकाला ऋण डोकं. शेपटी तेलात शिरते, डोकं पाण्यात राहतं. कॅल्शिअमचा दोन-अधिक आयन अशी दोन डोकी पकडतो आणि न विरघळणारा चिकट साका होतो. बादलीच्या कडेला बसतो तो हा. हेअर कंडिशनर बरोबर उलटा, त्यातलं डोकं धन असतं. ओल्या केसांच्या पृष्ठभागावर ऋण प्रभार असतो, म्हणून कंडिशनर केसाला धरून राहतो आणि शाम्पू धुऊन जातो. एकाच रचनेच्या दोन रेणूंत डोक्याचं चिन्ह बदललं की काम बदललं.

पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० मध्ये सुरू झाली. तिचे पहिले संचालक जेम्स मॅकबेन यांनी आयुष्यभर साबणाच्या द्रावणाचा अभ्यास केला होता. साबणाचे ऋण आयन पाण्यात एकेकटे न राहता शेपट्या आत आणि डोकी बाहेर असे पुंजके करतात, ही कल्पना मांडणाऱ्यांमध्ये ते अगदी सुरुवातीचे. त्या इमारतीसमोरून जाताना मला हे दर वेळी आठवतं.

---

दौंडकर_शेती | १४ जुलै, रात्री ८:४५

नीरजा मॅडम, तुम्ही रेझिनचं सांगितलं तसंच आमच्या जमिनीत होतं का? कालव्याच्या पाण्यावर वर्षानुवर्षं ऊस घेतला, खालचं रान चोपण झालं. पाणी मुरत नाही, वर साय धरते. माती परीक्षणात सोडिअम जास्त आला. जिप्सम टाकायला सांगितलंय.

---

नीरजा_जल | १४ जुलै, रात्री ९:३०

हो दादा, अगदी तसंच. काळ्या मातीचा कण म्हणजे निसर्गाचं रेझिन, त्याच्यावर कायमचा ऋण प्रभार असतो. तो कॅल्शिअम, पोटॅशिअम, अमोनिअम हे धन आयन धरून ठेवतो. कॅल्शिअम दोन-अधिक असल्याने मातीचे कण एकत्र बांधतो, रवाळ पोत राहतो. त्याची जागा सोडिअमने घेतली की कण सुटतात, फुगतात, छिद्रं बुजतात. जिप्सम म्हणजे कॅल्शिअम सल्फेट. त्यातला कॅल्शिअम सोडिअमला हटवतो आणि सुटलेला सोडिअम सल्फेटबरोबर पाण्यातून निघून जातो. पण त्याला जायला वाट हवी. आधी चर काढून निचरा करा, मगच जिप्सम. निचरा नसेल तर सोडिअम तिथेच राहतो आणि पैसे वाया जातात.

युरियाचे हप्ते करून द्यायला सांगतात त्यामागेही हेच आहे. युरियापासून अमोनिअम होतो, तो धन, मातीला धरून राहतो. त्याचा पुढे नायट्रेट होतो, तो ऋण, त्याला माती धरत नाही. जोराचा पाऊस झाला की मुळांच्या खाली वाहून जातो.

---

डॉ_सायली | १४ जुलै, रात्री ११:०५

मृणालताई, मुलीला प्रभाराचा ताळेबंद स्वतःच्या हाताने तपासायचा असेल तर घरात ओआरएसचं पाकीट असेल ते घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे बनवलेलं असेल तर एक लिटर पाण्यात सोडिअम ७५, पोटॅशिअम २०, क्लोराइड ६५, सायट्रेट १० आणि ग्लुकोज ७५ मिलिमोल असतं. सायट्रेट तीन-वजा आहे एवढंच तिला सांगा. ग्लुकोजला प्रभार नाही. बाकी बेरीज तिला करू द्या.

रक्ताच्या अहवालातही सोडिअम, पोटॅशिअम, क्लोराइड, बायकार्बोनेट असे आकडे येतात. सोडिअममधून क्लोराइड आणि बायकार्बोनेट वजा केले की बेरीज जुळत नाही, साधारण ८ ते १२ उरतात. त्याला आम्ही अ‍ॅनायन गॅप म्हणतो. याचा अर्थ शरीरात ऋण आयन कमी आहेत असा नाही. अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनासारखे काही ऋण प्रभाराचे घटक आपण त्या तपासणीत मोजलेले नसतात. हा आकडा फार वाढला की कुठलं तरी न मोजलेलं आम्ल रक्तात साठतंय हे कळतं. मधुमेहाचा रुग्ण धापा टाकत येतो तेव्हा आम्ही सगळ्यात आधी जी वजाबाकी करतो त्यात ही असते.

---

मृणाल_कर्वेनगर | १५ जुलै, रात्री ९:२०

डॉक्टर, पाकीट सापडलं. तिने वहीत मांडलं: धन बाजूला ७५ आणि २०, ९५. ऋण बाजूला ६५ आणि दहा त्रिक तीस, ९५. ती ओरडलीच, "आई, जुळलं!" मी रोज संध्याकाळी बँकेत ताळा जुळवते, पण एका पाकिटातला ताळा जुळल्याचा असा आनंद मला पहिल्यांदा झाला.

आता तिचा नवा प्रश्न. "सगळीकडे दोघं जोडीनेच येतात. मग फक्त धन आयन वेगळे काढून एका बाटलीत भरून ठेवता येतील का?" मी सांगितलं, धाग्यावर विचारते.

---

ओंकार_एफवाय | १५ जुलै, रात्री १०:४०

हे मी सोडवून पाहिलं. तीन मोठे चमचे मीठ घेऊ, सुमारे ५८ ग्रॅम, म्हणजे एक मोल. त्यातले सगळे सोडिअम आयन मुंबईला पाठवले आणि सगळे क्लोराइड पुण्यातच ठेवले असं धरू. प्रत्येक बाजूला ९६,४८५ कूलोम (प्रभाराचं एकक) प्रभार झाला. सरळ रेषेत अंतर सुमारे १२० किलोमीटर. कूलोमच्या नियमात आकडे घातले तर दोन शहरांमधली ओढ येते ५८० कोटी न्यूटन, म्हणजे जवळजवळ सहा लाख टन वजनाएवढी. तीन चमचे मिठासाठी! मी तीनदा तपासलं. सर, कुठे चुकलंय का?

---

पाषाणचा_रसायनी | १५ जुलै, रात्री ११:२५

चुकलं नाही. आकडा बरोबर आहे. म्हणून बाटलीभर धन आयन कधीच वेगळे ठेवता येत नाहीत.

पण मुलीला "नाही" एवढंच सांगू नका. एकटादुकटा आयन वेगळा ठेवता येतो. निर्वात पेटीत, चहूबाजूंनी सतत बदलणाऱ्या विद्युतक्षेत्रात तो अधांतरी अडकवतात. आपल्या पुणे विद्यापीठाच्या आवारात आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथे यटर्बिअमचा असा एक धन आयन पकडून त्याच्यावर अतिशय अचूक घड्याळ बनवण्याचं काम चालतं. राष्ट्रीय विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीला, तिथे शाळकरी मुलांना आत सोडतात. तिला घेऊन जा, आणि हा प्रश्न तिथल्या माणसांना तिलाच विचारू दे.